वाईहून मुंबईला, फारसी शिकायला

६ मे २०२४, सोमवार. सकाळी दहाला मुंबईत फारसीचा पहिला तास सुरू झाला, तेव्हा मी पाटणला मतदानाचं साहित्य ताब्यात घ्यायच्या रांगेत उभी होते. हातात याद्यांचा गठ्ठा, शाईच्या बाटल्या, लाखेचं पाकीट, आणि डोक्यात एकच विचार: आता तिथे अलिफ, बे सुरू झालं असेल.

मी वाईत माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वय त्रेचाळीस. मे-जूनच्या सुट्टीत घर सोडून पाच आठवडे मुंबईला राहून फारसीचा पूर्णवेळ वर्ग केला. परत आल्यापासून चार-पाच जणींनी तरी विचारलं, कसं केलंस, किती खर्च आला, आम्हाला जमेल का. प्रत्येकीला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढावं म्हटलं.

कारण एक कागद. आमच्या आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ट्रंकेत धुवट कापडात गुंडाळलेला. वर चार ओळी फारसी, खाली मोडीतल्या अकरा ओळी. आदिलशाही अमलातले असे दुभाषी कागद आपल्याकडे बऱ्याच घरांत आहेत. मोडी मी २०१९ साली वर्ग लावून शिकले होते, त्यामुळे खालच्या ओळी लागल्या: वाई कसब्यातल्या एका शेताच्या बांधाचा तंटा. पण तो कागद मी जाणत्या माणसांना दाखवला की प्रत्येकजण बोट मोडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "वरचं फारसी आहे, ते सोडा." तीन वेळा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र मला ते सोडवेना.

फेब्रुवारीत कळलं की फोर्टातल्या एका जुन्या संस्थेत उन्हाळी वर्ग आहे. ६ मे ते १२ जून, सोमवार ते शनिवार, दहा ते दोन शिकवणी आणि तीन ते पाच सराव. फी आठ हजार, अर्जाचे दोनशे वेगळे. १२ फेब्रुवारीला अर्ज पाठवला. तीन आठवडे काहीच उत्तर नाही. फोन लागायचा, उचलला जायचा नाही. ४ मार्चला पत्र आलं: पदवीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, राजपत्राची प्रत जोडा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हे नवीन नाही. माझी पदवी माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. राजपत्रात नाव मी कधी छापून घेतलंच नव्हतं, आणि आता तेवढा वेळही नव्हता. शेवटी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं, नोटरीचे अडीचशे दिले, सोबत लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडला आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. ते चाललं. ज्यांच्या दोन कागदांवर दोन नावं आहेत त्यांनी हे काम अर्जाच्या आधीच उरकून ठेवावं. शिवाय पोस्टाची पावती जपून ठेवा. "तुमचे कागद मिळाले नाहीत" हे मला मार्चअखेर ऐकावं लागलंच, आणि ती पावती होती म्हणून ते कागद एका टेबलाच्या खणात सापडले.

इकडे १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. साताऱ्याचं मतदान ७ मेला. २७ मार्चला शाळेत माझ्या नावाचा आदेश आला, मतदान अधिकारी क्रमांक दोन. सुट्टीतसुद्धा मुख्यालय सोडायला शिक्षकाला परवानगी लागते, आणि निवडणुकीची नेमणूक असताना ती मिळत नाही. मी सूट मागणारा अर्ज केला. टेबलावरच्या बाईंनी तो वाचून शांतपणे सांगितलं, "मॅडम, आजारपण असेल तर बघता येतं. भाषेचा वर्ग हे कारण होत नाही." त्यांचंही बरोबर होतं. मग संस्थेला ईमेल केला. उत्तर आलं: तीन दिवस उशीर चालेल, पण एकूण गैरहजेरी पाचाच्या वर गेली तर प्रमाणपत्र नाही. म्हणजे पुढच्या पाच आठवड्यांत माझ्याकडे शिल्लक दोनच दिवस.

७ तारखेला दिवसभर मतदारांच्या डाव्या तर्जनीला शाई लावत होते. साहित्य जमा करून घरी पोचले तेव्हा ८ तारखेचे पहाटेचे तीन वाजले होते. चार तास झोपले आणि दहाची एसटी धरली. बायकांना तिकीट निम्मं आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. पनवेलला उतरून डोंबिवलीला आत्याकडे गेले.

९ मेला वर्गात पाऊल टाकलं. लांब बाकं, उंच छत, फिरताना आवाज करणारे पंखे, आणि अकरा विद्यार्थी. शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या रत्नागिरीकडच्या, निवृत्त प्राध्यापिका, मराठी अगदी कोकणी वळणाची. त्यांनी माझी बोटं पाहिली. उजव्या हाताची दोन बोटं नखापर्यंत काळी-जांभळी होती.

"हे काय लागलंय?"

"शाई. निवडणुकीची."

त्या फळ्याकडे वळल्या आणि उजवीकडून डावीकडे एक शब्द लिहिला. सियाह. म्हणजे काळा. "सियाही म्हणजे काळेपण, त्यातून तुमची शाई आली. बसा खानम. पहिला शब्द तुम्ही बोटावरच घेऊन आलात." तीन दिवस बुडल्याचं मनावर जे दडपण होतं ते त्या एका वाक्यानं बरंच उतरलं.

आता अक्षरांचं. फारसीत बत्तीस अक्षरं. अरबीतली अठ्ठावीस, आणि पे, चे, झे, गाफ ही चार फारसीची स्वतःची. बहुतेक अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतात, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं. सात अक्षरं अशी की ती पुढच्या अक्षराला हात देत नाहीत: अलिफ, दाल, जाल, रे, जे, झे, वाव. ही सात पक्की झाली की शब्द कुठे तुटतो ते कळायला लागतं. मोडी लिहिलेल्यांना हे लवकर जमतं, कारण अक्षर अक्षराला लागून बदलतं ही सवय हाताला असते. ऱ्हस्व स्वर मात्र लिहितच नाहीत. 'म-र-द' एवढंच दिसतं, मर्द हे आपल्याला आधी ठाऊक असावं लागतं. म्हणजे वाचता येण्यासाठी शब्द माहीत हवा, आणि शब्द माहीत होण्यासाठी वाचता यायला हवं. पहिले दहा दिवस या चक्रातच जातात. तुम्हीही त्यात अडकलात तर घाबरू नका, सगळे अडकतात.

एक बारीक गोष्ट. उजव्या हातानं उजवीकडून डावीकडे लिहिताना तळहाताची कड नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून फिरते. माझी करंगळीखालची कड रोज काळी व्हायची आणि वही फरफटायची. हात ओळीच्या खाली ठेवायचा आणि वही थोडी तिरपी धरायची, हे मॅडमनी दुसऱ्या आठवड्यात दाखवलं. पहिल्या दिवशीच कुणी सांगितलं असतं तर दोन वह्या वाचल्या असत्या.

पहिला दीड आठवडा डोंबिवलीहून जाऊन-येऊन केलं. सकाळची जलद गाडी, बायकांच्या डब्यात उभ्यानंच. हातात कार्डांचा जुडगा, एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द. मग १३ मे उजाडला. दुपारी चारच्या सुमाराला खिडकीबाहेर आकाश पिवळं झालं, धुळीचं वादळ आलं आणि पाठोपाठ पाऊस. संध्याकाळी सीएसएमटीला आले तर मुलुंड-ठाण्याकडे खांब वाकल्यानं गाड्या खोळंबलेल्या. डब्यातल्या बायकांच्या फोनवर घाटकोपरला होर्डिंग कोसळल्याच्या बातम्या येत होत्या. त्या दुर्घटनेत सतरा माणसं गेली. आपली गाडी त्याच स्टेशनातून जाणार, हे डब्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. घरी पोचायला अकरा वाजले. आत्या दारात उभी. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "वर्गाजवळ जागा बघ गं. मला झोप लागायची नाही अशी."

जागा शोधायला चार दिवस गेले. दोन वसतिगृहांत पतीचं संमतिपत्र मागितलं. मी वीस वर्षं नोकरी करते, आठवड्याभरापूर्वीच निवडणुकीच्या कामात माझी सही चालली होती, आणि खोलीसाठी नवऱ्याचं पत्र हवं! मला खूप वाईट वाटलं आणि मी दोन्ही ठिकाणांहून निघून आले. पत्र द्यायला नवरा तयार होता, मीच घेतलं नाही. तिसरी जागा गिरगावात मिळाली. आधारची प्रत, दोन फोटो, शाळेचं ओळखपत्र, मुंबईतल्या एका नातेवाइकाचं नाव-पत्ता आणि संस्थेचं प्रवेशपत्र एवढ्यावर काम झालं. दिवसाला साडेचारशे, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. तीन हजार अनामत, ती निघताना पूर्ण परत मिळाली. रात्री साडेनऊनंतर दार बंद. १९ मेच्या रविवारी सामान हलवलं. दुसऱ्या दिवशी मुंबईचं मतदान, वर्गाला सुट्टी. खोलीतल्या दोघी मत द्यायला गेल्या आणि मी दिवसभर क्रियापदं पाठ केली.

गिरगावहून फोर्टात बेस्टच्या साध्या बसला तेव्हा पाच रुपये पडायचे, चालत निघालं तर अर्धा-पाऊण तास. सकाळी मी चालत जायची आणि कार्डं मोठ्यानं म्हणायची. मुंबईत रस्त्यात कुणी आपल्याशी आपणच बोलत असेल तर कुणी वळून बघत नाही. याचा मला फार आधार वाटला.

भाषेबद्दल एक गोष्ट नीट सांगते, कारण फारसी सोपी जाईल असं आपण धरून चालतो. दरवाजा, बाजार, हजार, कारखाना, पोशाख, हुशार, पसंत: शेकडो शब्द ओळखीचे निघतात. शाबास म्हणजे 'शाद बाश', आनंदी राहा. हप्ता म्हणजे हफ्त, सात दिवस. ऐकून जीव हरखतो. पण हीच ओळख फसवते. 'खूब' म्हणजे चांगलं, आपल्या 'खूप'सारखं पुष्कळ नव्हे. 'गरज' म्हणजे मनातला छुपा हेतू. 'तमाशा' म्हणजे बघणं. इराणी बोलीत 'दमाग' म्हणजे नाक! मी वाक्यांमागून वाक्यं मराठी अर्थानं लावत गेले आणि ती चुकत गेली. आणि लिंग नाही. तो आला, ती आली, ते आलं, या सगळ्याला 'ऊ आमद' पुरतं. मराठी माणूस तिथे पुन्हापुन्हा थांबतो, काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं.

२५ मेला पहिली चाचणी झाली. पन्नासपैकी एकोणीस. वीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासल्यावर स्वतःचा तसा पेपर हातात घेणं जड गेलं. घात केला होता शुद्धलेखनानं. 'ज'चा आवाज चार अक्षरांना, 'स'चा तीन, 'त'चे दोन, 'ह'चे दोन. ऐकायला सारखे, लिहायला वेगळे. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात बसून रडले, हे सांगायला मला संकोच नाही.

ठाण्याहून येणारे एक काका वर्गात होते, बँकेतून निवृत्त झालेले, गझलेच्या ओढीनं फारसीला आलेले. त्यांनी आपली वही माझ्यापुढे ठेवली. त्यांनी प्रत्येक अक्षराला एक मराठी शब्द बांधला होता. जमीन 'जे'नं. 'जातीनं हजर राहा' म्हणतो त्यातली जात 'जाल'नं. जरूर 'जाद'नं. जाहीर 'जोय'नं. साल 'सीन'नं, साहेब 'साद'नं, साबीत 'से'नं. तारीख 'ते'नं, तबेला 'तोय'नं. हजर आणि हजार घ्या: आपल्याला फरक फक्त काना-मात्रेचा वाटतो, फारसीत दोन्हींचे 'ह' वेगळे आणि 'ज'ही वेगळे. मी ती दोन पानं उतरवून घेतली आणि गिरगावच्या खोलीत पलंगासमोर चिकटवली. ज्यांना शिकायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून अशी वही करावी. कुठल्याही छापील पुस्तकानं मला एवढी मदत केली नाही.

२८ मेला संध्याकाळी घरून फोन, लेकीला एकशे तीन ताप. नवरा म्हणाला, येऊ नकोस, डॉक्टर बघतायत. मी रात्रीची गाडी पकडून गेलेच. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, संध्याकाळी परत निघाले. चौथी गैरहजेरी. बसमध्ये अपराधी वाटत होतं, लेकीजवळून उठल्याचं आणि तास बुडवल्याचंही. लेक नववी संपवून दहावीत चाललेली. त्या रात्रीपासून ती फोनवर माझी कार्डं घ्यायला लागली. तिच्याकडे दुसरा जोड होता. ती मराठी शब्द म्हणायची, मी अक्षरं सांगायची, चुकले की ती म्हणायची, "पुन्हा."

३१ मे ते २ जून मध्य रेल्वेचा मोठा ब्लॉक होता, शेकडो लोकल रद्द. शुक्रवारी अकरापैकी चारच आलो. मॅडमनी त्या दिवशी धडा पुढे नेला नाही, नुसतं ऐकायला लावलं. मुंबईचा आणि फारसीचा संबंध मला तेव्हा कळला. पहिला फारसी बोलपट १९३३ साली इथेच तयार झाला, आर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत. 'आलम आरा' करणारे तेच. २ जूनच्या रविवारी मी एका इराणी हॉटेलात गेले, गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांना धीर करून फारसीत चहा मागितला आणि शेवटी पुस्तकातलं लांबलचक आभाराचं वाक्य म्हटलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाले, "ताई, एवढं नाय बोलत. मर्सी म्हणा." इराणात खरंच मर्सी म्हणतात. चहाचे पैसे त्यांनी घेतले, बन-मस्क्याचे घेतले नाहीत.

३ जूनचा तास मी विसरणार नाही. मॅडम क्रियापदाचं आज्ञार्थी-विध्यर्थी रूप शिकवत होत्या. मूळ धातू घ्यायचा, आधी 'बि' लावायचा, शेवटी पुरुषवाचक प्रत्यय. दानिस्तन म्हणजे जाणणं, वर्तमानातला धातू 'दान'. त्यांनी फळ्यावर तुकडे वेगळे लिहिले: बि, दान, अंद. मग जोडले. बिदानंद. त्यांनी जाणावं.

मी जागेवरून उठूनच उभी राहिले. मोडी कागदांत हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता. 'अजरख्तखाने' अशी सुरुवात, मग 'बजानेब कारकुनानी हाल व इस्तकबाल', म्हणजे आताच्या आणि पुढे येणाऱ्या कारकुनांकडे, आणि मायन्याच्या शेवटी 'बिदानद'. मोडीत अनुस्वार बहुधा देत नाहीत. वर्गात आम्हाला शिकवलं होतं, बिदानद आला की मायना संपला आणि मजकूर सुरू झाला. मी तो खुणेच्या दगडासारखा ओलांडत आले होते. ते क्रियापद आहे, त्याला कर्ता आहे, कुणीतरी कुणालातरी 'हे जाणून घ्या' म्हणतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि मराठी पत्राच्या शेवटी काय असतं?"

"जाणिजे."

"मग? दान आणि जाण, मूळ एकच आहे दोघांचं. फारसीत 'द' झाला, तुमच्याकडे 'ज' राहिला."

त्या रात्री मी खोलीत कागदाचा फोटो उघडून मोडीतलीच पहिली ओळ पुन्हा वाचली. अज, म्हणजे कडून. बजानेब, म्हणजे दिशेला. हाल, आत्ताचे. इस्तकबाल, पुढचे. मोडीतली ती ओळ मला पहिल्यांदा भाषा म्हणून ऐकू आली. फारसीच्या चार ओळी अजून बंदच होत्या, पण शिकायला आल्याचं सार्थक मला तिथे वाटलं.

७ जूनला मृग लागला आणि त्याच दिवशी तारखा शिकलो. हा योग मॅडमनी मुद्दाम साधला होता, कारण आपल्या जुन्या कागदांतलं शुहूर सन मृगापासूनच बदलतं. आकडे अरबी: अहद, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. दशकं अशर, अशरीन, सलासीन अशी. हजाराला अलफ. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. आमच्या कागदावर 'खमस खमसैन अलफ' आहे, म्हणजे १०५५, म्हणजे १६५४-५५. फारसी कागदावर हिजरी सन असेल तर हा हिशोब चालत नाही, ते वर्ष चांद्र असतं. हे दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका. ९ जूनला पाऊस मुंबईत आला आणि शेवटचे तीन दिवस मी ओल्या साडीनं वर्गात बसले.

११ला लेखी, १२ला तोंडी. शंभरपैकी त्रेसष्ट. प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये पोस्टानं आलं, त्यावर नाव बरोबर होतं.

खर्च एकूण २८,८५० रुपये. फी आणि अर्ज ८,२००, प्रतिज्ञापत्र-नोटरी ३५०, वसतिगृह ११,२५०, दुपारचं जेवण, चहा, फळं ५,०००, प्रवास २,४००, वह्या, झेरॉक्स आणि पुस्तकं १,६५०. आत्याकडचा दीड आठवडा यात नाही, तिनं घेतलंच नसतं. पहिल्यापासून वर्गाजवळ राहिले असते तर चार-पाच हजार जास्त गेले असते, पण रोजचे चार तास वाचले असते. ज्यांना शक्य आहे त्यांनी जवळच राहावं.

पाच आठवड्यांत काय येतं, तेही खरं सांगते. छापलेला सोपा मजकूर कोश घेऊन वाचता येतो. आपली ओळख करून देता येते, दुकानात बोलता येतं. जुना हस्तलिखित कागद वाचता येत नाही. तो शिकस्ता वळणाचा असतो, टिंबं गाळलेली, जोडू नयेत ती अक्षरंही जोडलेली. त्याला वर्ष-दोन वर्षं रोजची बैठक लागते. पण तुमच्याकडे दुभाषी कागद असेल तर तिथूनच सुरुवात करा, कारण मराठी ओळ तुम्हाला सांगते की फारसीत काय शोधायचं. आणि कोश हवा तर माधव जूलियनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश बघा. कवितेसाठी आपण त्यांना ओळखतो, पण फारसी शिकवणारा हा माणूस आपल्या मराठीसाठी केवढं काम करून गेलाय, ते पान उलटताना कळतं.

तोंडी परीक्षा झाल्यावर मी मॅडमपुढे कागदाचा मोठा करून घेतलेला फोटो ठेवला. त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं. मोडीत दुसऱ्या ओळीत 'कसबे वाई' आहे, तेव्हा फारसीतही ते सुरुवातीच्या ओळींतच हवं. पहिली ओळ पूर्ण झाली, काहीच नाही. दुसऱ्या ओळीच्या मध्याला एक 'काफ'सारखं, त्यात घुसलेलं 'साद', मग एक लांब फटकारा. त्याच्या पुढे एक छोटं वळण, एक उभी रेघ, आणि खाली पोटात वळलेली शेपटी. वाव. अलिफ. ये.

१३ जूनला संध्याकाळी घरी पोचले. शाळा १५ला सुरू होणार होती. हातपाय धुतले, लेकीनं चहा ठेवला, आणि मी तो फोटो ओसरीवर आप्पांच्या पुढ्यात धरला. त्या शब्दाखाली नख टेकवलं आणि म्हटलं, "आप्पा, इथे वाई लिहिलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"कुठल्या बाजूनं वाचायचं?"

"उजवीकडून."

त्यांचं बोट उजवीकडून हळूहळू सरकत माझ्या नखापाशी येऊन थांबलं.